डबा पोचवायला उशीर का व्हायचा

लंडन, रविवार

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, "फिल्म सेंटर पाच मिनिटांवर, आणि तू डबा देऊन यायचीस पाऊण तासाने." चाळीस वर्षं झाली तरी तुझा हा हिशेब मिटलेला नाही. म्हणून आज लिहूनच टाकते. फोनवर तू मध्येच बोलतेस.

ताडदेवला फिल्म सेंटरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओशेजारी वाढले म्हटलं की इथे सगळ्यांना वाटतं, आमच्या खिडकीतून गाणी आत येत असतील. एक सूर कधी आला नाही. भिंतीच तशा होत्या. पंचमदांचं रेकॉर्डिंग असलं की बाहेर टॅक्स्या लागायच्या, पानवाल्याकडे गर्दी. आत ढीगभर माणसं वाजवत असली तरी रस्त्यावर आवाज बेस्टच्या बसचा. गाणं आपल्या कानावर पडायचं ते काही महिन्यांनी, रेडिओवर, सगळ्या मुंबईबरोबर.

जिन्यात मात्र ऐकू यायचं. टेकच्या आधी वादक मंडळी कोपरे धरून आपापला तुकडा घोटत बसायची. ज्यांना आपला डबा जायचा ते गोव्याचे व्हायोलिनवाले अंकल आठवतात ना, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या क्लबात, राहणारे? त्यांच्या काळ्या पँटवर कायम पांढरा भुगा असायचा, आणि तुला वाटायचं आपल्या भाकरीचं पीठ सांडतंय. ती राळ होती, आई. व्हायोलिनच्या गजाच्या केसांना राळ घासतात, त्याशिवाय तार बोलतच नाही.

डबा हातात घेण्याआधी ते सात-आठ सुरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचे. त्याला मागचं नाही, पुढचं नाही. तेव्हा गाणं सगळ्यांनी एकदम वाजवायचं, गाणारेही त्याच वेळी गाणार. शेवटच्या ओळीत एकाचा हात चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एवढी घोटाघोट. आणि मी पायरीवर, मांडीवर तुझा गरम डबा. आमटी निवायची ती अशी.

एकदा दारावरचा लाल दिवा विझला, शिपायाने दार उघडलं आणि आत तालीम चालूच होती. दार परत लोटेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. सगळ्या व्हायोलिन एकदम. डब्याचं झाकण माझ्या हातात थरथरलं. मी ते दाबून धरलं, कारण वाटलं, आवाज माझाच होतोय आणि आता ओरडा बसणार.

पुढे एका बुधवारी रेडिओवर बिनाका गीतमाला लागलं होतं, तू पोळ्या लाटत होतीस. एका गाण्यात अंतऱ्याच्या आधी तोच तुकडा आला आणि मी किंचाळले, "हा आपल्या डब्याचा!" तू लाटणं उगारलंस. बाबांनी काही न बोलता रेडिओ मोठा केला.

अमीन सयानी गायकांची, संगीतकारांची नावं सांगायचे. अंकलचं नाव कुठून येणार? सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं मी जिन्यातच ऐकली. हीसुद्धा गोव्याचीच माणसं. गाण्यामागचं अख्खं वादन कागदावर उतरवून देणारी. रेकॉर्डच्या कव्हरवर यांना दोन ओळी द्यायला काय जात होतं, याचा मला अजून राग येतो.

हे सगळं आत्ताच का आठवलं, तर काल अ‍ॅबी रोडला जाऊन आले. १९३१ साली उघडलेला स्टुडिओ. एल्गार नावाच्या संगीतकाराने स्वतः ऑर्केस्ट्रा चालवून उद्घाटन केलं होतं. बीटल्सच्या रेकॉर्डच्या कव्हरवर आहे त्या समोरच्या झेब्रा क्रॉसिंगला २०१० मध्ये संरक्षित वारसा ठरवलंय, कौतुक बघ! पोरं तिथे कव्हरवरच्यासारखे अनवाणी फोटो काढतात, गाडीवाले वैतागून हॉर्न मारतात. लोक कंपाउंडच्या भिंतीवर नावं लिहितात, स्टुडिओवाले ती पुन्हा पांढरी रंगवतात. अर्धा तास फाटकाशी उभी होते. आतून एक सूर आला नाही. अगदी घरच्यासारखं वाटलं.

आणखी एक, हसू नकोस. दोन महिने झाले, व्हायोलिनचा क्लास लावलाय. अजून साधी सरगम सरळ येत नाही, पोरं कानात बोटं घालतात. पण काळी पँट धुवायला टाकताना आधी झटकावी लागते.

दिवाळीला येते आहे. तो चार पुडांचा डबा माळ्यावर असेल तर भंगारात घालू नकोस, मी घेऊन जाईन. झाकण अजून सैल आहे का, तेवढं बघून ठेव.

तुझी,
बेबी