मी फक्त अनुमोदन दिले

नॅशव्हिल, टेनेसी

तीर्थरूप पप्पा आणि आई यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मंगळवारी फोनवर पप्पांचा आवाज जड झाला आणि मग मलाही धड काही सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी बरी आहे, ड्यूटी नेहमीसारखी चालू आहे, आणि मी इथल्या चर्चची मंडळी सोडलेली नाही. भर सभेत मी पाळकांच्या विरोधात उभी राहिले असे चिंचवडच्या मावशीला ज्यांनी कळवले, त्यांनी अर्धेच कळवले. मी उभी राहिले हे खरे आहे. पण पाळकांच्या विरोधात नव्हे.

घडले ते कळण्यासाठी इथली एक रीत समजून घ्यावी लागेल, जी समजायला मला दोन वर्षे लागली. आपल्याकडे पंच कमिटी ठरवते आणि रविवारी ते वाचून दाखवले जाते. आमच्या इथल्या बाप्टिस्ट मंडळीत दर तीन महिन्यांनी सर्व सभासदांची कामकाजाची सभा भरते, तीही उपासनेच्याच दालनात, आणि अंदाजपत्रकापासून छपराच्या गळतीपर्यंत सगळे मताला पडते. कोणीही सभासद उठून ठराव मांडू शकतो. मात्र त्यावर चर्चा व्हायची असेल तर दुसऱ्या कोणीतरी ‘सेकंड’ म्हणावे लागते, म्हणजे अनुमोदन द्यावे लागते. ते कोणी दिले नाही, तर ठराव जागीच पडतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. अनुमोदन देणारा ठरावाच्या बाजूचाच असावा असेही नाही. यावर बोलायला हवे, एवढेच तो म्हणत असतो.

संडे स्कूलच्या एका वयस्क शिक्षकांनी ठराव मांडला की मुलांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, शिकवणाऱ्या प्रत्येकाची पूर्वचौकशी व्हावी, आणि अत्याचाराची तक्रार आली तर ती पाळकांच्या खोलीत न मिटवता थेट पोलिसांकडे जावी. कोणीच काही बोलेना. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, पप्पा. आणि टेनेसीच्या कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर तो कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, केवळ नर्सवर नव्हे. मी हात वर केला आणि ‘सेकंड’ म्हणाले. एवढेच घडले.

त्या शांततेचे कारण मात्र मोठे आहे. आमची मंडळी सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघात आहे, त्याचे सव्वा कोटीच्या आसपास सभासद आहेत आणि त्याच्या कार्यकारी समितीचे कार्यालय याच शहरात आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे मागत होत्या की दोषी पाळकांची यादी ठेवा, म्हणजे एका गावातून काढलेला माणूस दुसऱ्या गावात उपदेशाला उभा राहणार नाही. त्यांना उत्तर मिळे, की प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही वरून काही करू शकत नाही. मे 2022 मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला तेव्हा कळले, की कार्यालयातील एक कर्मचारी तशीच यादी गुपचूप ठेवत होता आणि तिच्यात सातशेहून अधिक नावे होती. पुढच्याच महिन्यात ॲनाहाइमच्या अधिवेशनात सार्वजनिक यादीचा ठराव झाला. पण ते काम रेंगाळले. याउलट जून 2023 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात, कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या मोठ्या मंडळीने स्त्रियांना पाळक केले म्हणून तिला बाहेर ठेवण्यावर शिक्कामोर्तब झाले. मुलींच्या रक्षणाची वेळ आली तेव्हा मंडळ्यांचे स्वातंत्र्य आडवे आले आणि स्त्री व्यासपीठावर आली तेव्हा ते आड आले नाही, हे मला कितीही प्रार्थना करून पचवता येत नाही.

पप्पा, तुम्ही म्हणालात की ज्यांच्या देशातून आपल्याकडे सुवार्ता आली त्यांना तू काय शिकवणार. नगरला 1831 मध्ये आलेले मिशनरी बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे होते. हे कन्व्हेन्शन वेगळे आहे. ते 1845 मध्ये ऑगस्टा इथे स्थापन झाले, कारण गुलाम बाळगणाऱ्यांनाही मिशनरी नेमावे असा दक्षिणेचा आग्रह होता, आणि त्याबद्दल माफीचा ठराव 1995 मध्ये, दीडशे वर्षांनी झाला. ती माफी बाहेरच्यांनी लिहून दिलेली नव्हती. ती आतल्याच माणसांनी मागितली. मलाही आत राहूनच मागायचे आहे. काही जण थकून निघून गेले. बायबल शिकवणाऱ्या बेथ मूर यांनी 2021 मध्ये कन्व्हेन्शन सोडले, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आणि हे मी इथे येऊन शिकले असे म्हणू नका. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, ख्रिस्त सोडला नाही, ही गोष्ट तुम्हीच मला स्कूटरवर पुढे उभी करून सांगितली होती. त्यांची भजने आपण आजही दर रविवारी गातो. मग माझ्या एका शब्दाने माझा विश्वास डळमळला, असे तुम्हाला का वाटावे?

मला कोणी त्रास देत नाही. पहिले दोन रविवार माझ्या बाकावर कोणी बसले नाही, नंतर त्या शिक्षकांच्या पत्नी येऊन शेजारी बसू लागल्या. व्हिसा इस्पितळाच्या नोकरीवर आहे, त्याचा मंडळीशी संबंध नाही. ठराव मंजूर झालेला नाही, एका समितीकडे गेला आहे.

आता बाकीचे. पन्नास हजार रुपये पाठवले आहेत. त्यांतून आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी करून घ्या, पत्र्याचे काम नंतर झाले तरी चालेल. आपल्या मंडळीचा दशांश नेहमीप्रमाणे वेगळा पाठवीन. सोलापूरच्या स्थळाकडून मुलगी मंडळीत वाद घालते का असे विचारले आहे, असे आईने सांगितले. आई, तू सारवासारव करू नकोस. जे झाले ते जसेच्या तसे सांग, आणि त्यानंतरही त्यांना बोलायचे असेल तर मी फोनवर बोलेन.

एक गोष्ट मी फोनवर खोटी सांगितली. नाताळात रजा मिळत नाही असे म्हणाले होते, पण रजा मिळाली होती. त्या समितीत माझे नाव घातले आहे आणि तिची बैठक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. मी नसेन तर तिथे नर्स कोणीच नसेल. तिकीट मी काढलेच नाही, आणि हे पैसे त्याचेच आहेत. आजीला ऑपरेशनच्या आधी हे सांगू नका. पट्टी निघाली की मला व्हिडिओ कॉल लावा, मी तिला स्वतः सांगेन.

तुमची मुलगी