चौदा नाही, अकरा : आमच्या वॉलमन आप्पांना पत्र

आप्पा, राम राम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, चष्मा सापडत नाही म्हणाल आणि मोबाईल नातवाकडे द्याल. तर बाळा, आजोबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि कौतुकाचं आलं की ते "पुढे चल" म्हणतील तेव्हा अजिबात पुढे जाऊ नकोस. आप्पांचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण ते अजून कंत्राटावर आहेत, दर अकरा महिन्यांनी कागद नव्याने होतो, उगाच कुणाला निमित्त नको. खान्देशातलं एक तालुक्याचं गाव, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि रात्री वॉल (व्हॉल्व्ह) फिरवून ते गल्लोगल्ली सोडणारे आप्पा, एवढं सांगितलं तरी आपल्याकडच्या अर्ध्या लोकांना ते आपलंच गाव वाटेल.

मागच्या आठवड्यात माझा रिझल्ट लागला. पास झाले, थीसिसला चांगले मार्क पडले. बाबांनी स्टेटस ठेवलं, आईने पेढे वाटले, ज्या काकांनी "पोरीला एवढ्या लांब कशाला, एमपीएससी करू द्या" म्हणून दोन वर्षं डोकं खाल्लं त्यांनी दोन पेढे घेतले. असो. मला मात्र त्या दिवसापासून एकच फोन आठवतोय, तुमचा, माझ्याकडे रात्रीचे पावणेबारा आणि तुमच्याकडे पहाटेचे सव्वातीन.

आधी बाकीच्यांसाठी थोडं सांगते कारण सगळे विचारतात की तू नेमकं शिकायला काय गेली होतीस, आत्याला अजून वाटतं पर्यावरण म्हणजे झाडं लावणं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला आयएचएस नावाची संस्था आहे, १९५८ सालची, आता इरास्मस युनिव्हर्सिटीचा भाग. आपल्यासारख्या देशांतली शहरं कशी चालवायची, म्हणजे घरं, पाणी, कचरा, जमीन आणि ह्या सगळ्याला पैसा कुठून आणायचा, हे शिकवायलाच ती निघाली. वर्षभराचा मास्टर्स. वर्गात डच कमीच, माझ्या एका बाजूला अदिस अबाबाची मुलगी आणि दुसऱ्या बाजूला ढाक्याचा मुलगा, त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आमच्याकडे पण लोक लाईनला डायरेक्ट मोटर लावतात, तेव्हा माझं परकं वाटायचं संपलं.

आणि गंमत बघा, पाणी शिकायला मी गेले ते गाव समुद्रसपाटीच्या खाली. त्यांची चिंता आपल्या उलटी, पाणी नको तेव्हा येतं. १९५३ च्या पुरात त्या देशात १८३६ माणसं गेली, ते अजून विसरलेले नाहीत. तिथे बेंथेमप्लेन म्हणून एक चौक आहे, खोलगट, कोरड्या दिवशी पोरं त्यात बास्केटबॉल खेळतात आणि मोठा पाऊस झाला की तो चौकच टाकी होतो, १७ लाख लिटर पाणी मावतं. आमच्या ग्रुपमधले सगळे फोटो काढत होते आणि मी मनात हंडे मोजत होते, लाखाच्या वर गेले मग सोडून दिलं.

एकदा वर्गात त्यांच्या वॉटर बोर्डांचं चाललं होतं, तेराव्या शतकापासून लोकांनी एकत्र येऊन पाणी सांभाळायची पद्धत, त्याच्या निवडणुका होतात वगैरे. मी हात वर केला आणि आपल्या फड पद्धतीचं सांगितलं. पांझरा, कान नदीवरचे साक्रीकडचे बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. सरांनी विचारलं, पाटकरी नेमका काय करतो? मी म्हटलं, भांडणं न होऊ देता सगळ्यांना पाणी पोचवतो. तेव्हा मला तुम्ही माहीतच नव्हता आप्पा, पण उत्तर तुमचंच होतं.

मग थीसिसचा विषय ठरला, माझ्याच गावात कुठल्या गल्लीला किती पाणी मिळतं आणि ते कोण ठरवतं. फील्डवर्कला मे महिन्यात गावी आले. आणि सुरू झाल्या चकरा. ज्या ऑफिसात माहिती असायला पाहिजे तिथे नऊ वेळा गेले. मॅप कॉम्प्युटरमध्ये आहे आणि कॉम्प्युटरवाला सुट्टीवर आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब आत्ताच गेले. एकाने तर "तुम्ही पत्रकार आहात का" विचारून बसायला दिलेली खुर्ची परत घेतली, खरंच घेतली, उचलून आत नेली. शेवटी एक झेरॉक्स हातात पडली, त्यात प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक महिन्यात, माणशी रोज १३५ लिटर. आता १३५ हा आकडा सरकारी मॅन्युअलमधला आहे, शहरात एवढं द्यायला हवं असा, ह्यांनी तोच "दिलं" म्हणून छापला. बरं तेही चाललं असतं, पण त्या कागदावर ३० फेब्रुवारीलासुद्धा पाणी सोडलेलं होतं. मी हसले नाही हो, जिन्यात बसून रडले.

तिथल्या शिपाईमामांनीच हळूच सांगितलं, पोरी, खरं पाहिजे तर टाकीखाली रात्री दोनला जा.

तर बाबांना घेऊन गेले. तुम्ही टाकीच्या पायऱ्यांवर बिडी विझवत होता. नाव नाही, काम नाही, पहिला प्रश्न "कोनी पोर शे तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं आणि तुम्ही गळ्यातल्या रुमालाने पायरी झटकली, "आठे बस". नऊ चकरांनंतरचं पहिलं "बस" होतं ते.

आणि मग ती डायरी. खताच्या दुकानाने फुकट दिलेली, कव्हरवर केळीचा घड. अशा सात-आठ होत्या, पिशवीत. तारीख, वेळ, टाकीत पाणी किती फूट, कुठला वॉल किती आटे (फेरे) उघडला, किती वाजता बंद. मध्येच "लाईट गेली". मध्येच "कोपऱ्यावर लाईन फुटली". आणि एका पानावर, मी ते पान कधीच विसरणार नाही, "गल्लीत मयत, अर्धा तास जादा". हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तपासायला कुणी येत नव्हतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या नोंदींना कोड द्यावा लागतो, गळती एक, वीज दोन असं. "मयत, अर्धा तास जादा" ह्याला काय कोड देणार?

आट्यांचं गणित मला पुस्तकात कुठेच सापडलं नव्हतं, तुम्ही दोन रात्रींत शिकवलं. खालच्या गल्ल्यांचा वॉल पूर्ण खोलला तर सगळं पाणी तिकडेच पळतं आणि टेकडीवरच्या वस्तीत नुसती हवा, म्हणून खालचा चौदाच आटे उघडायचा. टाकी भरलेली नसेल तर त्याहून कमी, म्हणजे वर थोडं तरी चढेल. मी इंग्रजीत त्याला इक्विटी म्हणून चाळीस पानं लिहिली, तुम्ही म्हणालात वरच्या बायांनी काय पाप केलंय. आणि पहिली पाच मिनिटं पाणी गटारीत जाऊ द्या म्हणून तुम्ही दारोदार ओरडता, लोक तुम्हालाच शिव्या देतात, पण आठ दिवस लाईन रिकामी राहिली की जिथे फुटकी असेल तिथून बाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं हे खरंच आहे, तेही माझ्या तिसऱ्या चॅप्टरमध्ये आहे. एका रात्री तुम्ही माझा हात पाईपवर ठेवला, "थांब". आधी काहीच नाही. मग लोखंड आतून कुरकुरल्यासारखं झालं आणि मग एकदम गार पडलं. आलं, म्हणालात.

मी जुलैत परत गेले. मला अजून सहा आठवड्यांच्या नोंदी लागत होत्या आणि मागायची लाज वाटत होती. तुम्हीच म्हणालात फोटो पाठवेन. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर डायरीचं पान यायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाच रुपयाचं नाणं ठेवलेलं. एक दिवस चुकला नाही. तुमच्या साडूंच्या तेराव्याला गेला होता त्या रात्रीचंसुद्धा आलं, बदलीच्या माणसाकडून लिहून घेतलेलं, अक्षर वेगळं पण नाणं तेच.

आणि मग तो फोन. तुम्ही कधी फोन करत नाही म्हणून मी घाबरले, गावाकडे काही झालं की काय. तुम्ही धापा टाकत होता. म्हणालात, "पोरी, आज चौदा लिखेल शे ना, ते चौदा नही, अकरा व्हतात. खोडी टाक." टाकी अर्धीच भरली होती म्हणून तुम्ही अकराच खोलले होते आणि टाकीखाली येऊन सवयीने चौदा लिहिले, फोटो पाठवला, सायकलवर घरी निघालात, अर्ध्या रस्त्यात आठवलं. मग परत फिरलात, वॉलच्या खड्ड्यात बॅटरी मारून आटे पुन्हा मोजले, आणि मग मला फोन केला.

तीन आटे, आप्पा. चारशे नोंदींमधली एक. मला कधीच कळलं नसतं, माझ्या गाईडला कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्या एका आकड्याने माझा एकही निष्कर्ष बदलत नव्हता. मी "हो आप्पा, करते" म्हटलं, चौदा खोडून अकरा केलं आणि लॅपटॉप बंद करून बराच वेळ तशीच बसले. ३० फेब्रुवारीवाल्या सहीच्या माणसाला पगार तुमच्या किती पट आहे ते मला माहितीये, लिहीत नाही.

लोक म्हणतात आता माणुसकी राहिली नाही, मला पटत नाही. ती आहे, फक्त दिवसा ऑफिसच्या वेळेत सापडत नाही. शिपाईमामा होतेच की, स्वतःची नोकरी सांभाळून कानात सांगणारे. आणि लायब्ररीतल्या मॅडम, ज्यांनी जुना गॅझेटियर झेरॉक्सला घरी नेऊ दिला, उद्या आण म्हणाल्या, कुठे सही नाही काही नाही. अशा माणसांच्या जिवावर आपली गावं चालली आहेत आणि त्यांच्याकडे साधी पगाराची स्लिप पण नसते. हे वाचणाऱ्यांत कुणी मोठ्या खुर्चीतलं असेल तर एवढंच करा, जो पाणी सोडतो त्याला एक चांगली बॅटरी आणि गमबूट द्या, मिशन आणि प्रेझेंटेशन नंतर.

थीसिसमध्ये आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायचं तुम्ही नको म्हणालात, म्हणून "टाकीखालचे आप्पा" एवढंच घातलंय. एक छापील कॉपी आणली आहे. इंग्रजीत आहे पण मागे तुमच्या डायरीची सहा पानं जशीच्या तशी छापली आहेत, नाण्यासकट. मयतवालं पान पण आहे. गाईडने विचारलं होतं हे कशात बसवायचं, मी म्हटलं कशातच नको, तसंच राहू द्या.

शुक्रवारी आमच्या गल्लीची पाळी ना? मी येतेय दोनला. चहा मी आणते, तुम्ही थर्मास आणू नका. आणि डायरी संपत आली असेल तर नवी घेऊ नका, आणलीये मी, रेघांची, जाड कव्हरची, फक्त केळीचा घड नाही तिच्यावर.

तुमची,
टाकीखालची पोर