‘निरंक’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाण्याच्या तपासणी अहवालात नायट्राइटच्या (पाण्यात विरघळणाऱ्या, नायट्रोजनच्या एका संयुगाच्या) रकान्यात ‘निरंक’ हा शब्द सर्रास आढळतो. पाणी तपासण्यातच हयात गेल्यामुळे मला तो खटकतो. पाण्यात नायट्राइट नसणे वेगळे आणि वापरलेल्या पद्धतीला ते न दिसणे वेगळे. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचे जिला ओळखता येत नाही, त्या पद्धतीने तपासणी केली असेल, तर ‘०.०५ पेक्षा कमी’ असेच लिहायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ३ मिलिग्रॅम असताना इतका कीस कशासाठी काढायचा, असे कोणी विचारील. पण नायट्रेटचे ५० आणि नायट्राइटचे ३ ही मूल्ये सुटी वाचायची नसतात. प्रत्येक प्रमाणाला आपापल्या मूल्याने भागून येणाऱ्या दोन उत्तरांची बेरीज १ च्या पुढे जाता कामा नये. म्हणजे नायट्रेट ४५ असेल, तर नायट्राइटला ०.३ एवढीच जागा उरते. त्यात ही मूल्ये मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू नये म्हणून ठरवलेली आहेत.

तपासणीची रीत जुनीच आहे. आम्लयुक्त नमुन्यात सल्फानिलामाइड आणि नॅफ्थिलचे एक संयुग घातले की नायट्राइटच्या प्रमाणात गुलाबी-जांभळा रंग चढतो आणि तो ५४३ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. अल्प प्रमाणात मात्र हा रंग इतका फिका असतो, की नळी पांढऱ्या कागदावर धरून वरून पाहिले तरी डोळा फसतो. एकदा तर नमुना न घातलेली आमची कोरी नळीच गुलाबी झाली. दोष नमुन्यांचा नव्हताच, ज्या ऊर्ध्वपातित पाण्यात रसायने कालवली होती त्या पाण्यातच नायट्राइट होते! कोरी नळी लावली नसती, तर त्या दिवशीचे सगळे नमुने नाहक दूषित ठरले असते.

उलटही घडते. नायट्राइट हा अमोनिया आणि नायट्रेट यांच्यामधला टप्पा असल्याने बाटली उन्हात पडून राहिली, तर जिवाणू त्याचे प्रमाण वाढवतात किंवा घटवतात. म्हणून नमुना ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून शक्यतो लगेच, फार तर ४८ तासांत तपासावा, आणि टिकवण्यासाठी त्यात आम्ल घालू नये. एककाचा घोळ तर नित्याचाच आहे. नायट्राइट म्हणून मोजलेले ३ मिलिग्रॅम नायट्रोजनच्या हिशेबात, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचे वजन धरले तर, ०.९ च होतात, आणि कोणता हिशेब धरला हे अहवालात बहुधा नसते.

पद्धतीची शोधमर्यादा, एकक आणि नमुना घेतल्याची व तपासल्याची वेळ या नोंदी प्रत्येक अहवालावर सक्तीच्या कराव्यात, ही संबंधितांना विनंती.

आपला,
पाणी तपासणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी