दोस्ता, रेडिओची पेटी बदलायच्या आधी अर्थिंग बघ

निपाणी,
ता. १० जून

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा दुकानात, आणि एकदा रात्री घरी फोन कानाला लावून. तुझ्या बोलण्याच्या मागं ट्रकातल्या त्या रेडिओ सेटची जी घरघर येत होती, ती मला नीट ऐकायची होती. फोनवरच सांगितलं असतं, पण तू स्टिअरिंगवर, मी गिऱ्हाइकात, आणि अर्धं राहून जातं. म्हणून वहीच्या कागदावर सावकाश लिहितोय. फोटो काढून पाठवतो. छापून घे आणि गाडीत ठेव.

तू म्हणतोस, सीबी, म्हणजे तिकडं अमेरिकेत ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो रेडिओ, म्हातारा झाला, पुढच्या ट्रक स्टॉपवर नवा घेतो. घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचल्यावर आठ दिवस तरी घेऊ नकोस. तू जी लक्षणं सांगितलीस त्यातली बहुतेक त्या पेटीच्या आतली नाहीतच. दुसऱ्याचं तुला ऐकू येतं, पण तुझं अर्ध्या मैलापलीकडं कुणाला कळत नाही. पाऊस लागला की आणखी बिघडतं. इंजिन चालू असलं की बारीक शिट्टी वाजते आणि रेस दिली की ती शिट्टी चढते. हे तीन आजार आहेत, एक नव्हे. नवा सेट त्याच वायरीला, त्याच एरियलला जोडलास तर तोही आठ दिवसांत तसाच मुका होईल.

तुमच्या वाड्यातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतो का? माळवदाखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली, आणि मागच्या स्क्रूपासून एक तार खिडकीतून उतरून तुळशीजवळच्या खड्ड्यात गेलेली. खड्ड्यात मीठ आणि कोळसा. उन्हाळ्यात धारवाड लावलं की खरखर वाढायची, सांगलीचा आवाज मागं पडायचा. आपण दोघं बटण फिरवत बसायचो. तुझी आजी काही न बोलता उठायची, तांब्याभर पाणी त्या खड्ड्यात ओतायची आणि परत येऊन बसायची. थोड्या वेळात आवाज मोकळा व्हायचा. आजीला रेडिओतलं काही कळत नव्हतं, पण माती सुकली की रेडिओ रुसतो एवढं तिनं बघून ठेवलं होतं. मी या धंद्यात पुढं जे काही शिकलो, त्याची सुरुवात त्या तांब्यापासून आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या ट्रकला माती कुठली? गाडी रबराच्या चाकांवर उभी. तिथं गाडीची बॉडीच माती, म्हणजे अर्थ (अर्थिंग). सीबी चालतो सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाट अकरा मीटरची. तिच्या पाव लांबीची एरियल म्हणजे साधारण नऊ फूट. तेवढी काठी ट्रकवर कुणी लावत नाही. म्हणून फायबरच्या काठीवर तार गुंडाळून ती चार-पाच फुटांत बसवतात. पण एरियल म्हणजे अर्धाच जोड. उरलेला अर्धा जोड ती बॉडी देते. आरशाच्या ब्रॅकेटवर एरियल लावलीस आणि तो ब्रॅकेट फायबरच्या केबिनला, गंजलेल्या बोल्टवर, रंगाच्या थरावर बसला असेल, तर अर्धा जोड तुटलेलाच. सेट बोलतोय, पण त्याचं बोलणं बाहेर पडायला वाट नाही. उलट ते परत सेटमध्ये येतं आणि आतला शेवटचा ट्रान्झिस्टर तापवतं.

माझ्या हातून हीच चूक झालेली आहे, तुला कधी सांगितली नव्हती. दुकान नवीन होतं तेव्हा कागलकडून एक ड्रायव्हर गाडी घेऊन आला. टेपला घोंघाटा येतो म्हणाला. मी टेप उघडला, सगळं साफ केलं, घोंघाटा गेला नाही म्हणून त्याला दुसरा टेप बसवून दिला. पैसे घेतले. तो तवंदी घाट चढून पुढं गेला आणि पंधरवड्यानं परत आला, घोंघाटा तस्साच. त्या दिवशी मी पहिल्यांदा केबिनच्या खाली आडवा झालो. केबिन ते चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) अशी जी विणलेली अर्थची पट्टी असते, तिच्या वॉशरखाली गॅरेजवाल्यानं रंग मारलेला. चाकूनं रंग खरवडला, बोल्ट आवळला, आवाज गेला. पाच मिनिटांचं काम. टेपचे पैसे परत द्यायचं मी ठरवलं तोवर गाडी केरळला गेली होती. तो ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही. अजून हायवेवर तशी निळी केबिन दिसली की मी नंबर बघतो.

तर आता तुझं काम. मीटर घे, साधा चालेल, बीप होणारा. सेटच्या मागून एरियलची केबल काढ आणि काठीही वरून फिरवून काढून ठेव. केबलच्या टोकाची मधली पिन आणि बाहेरची कडी, दोन्हीला मीटरच्या सुया लाव. बीप व्हायला नको. झाली तर कुठंतरी आतल्या आत शॉर्ट आहे. बहुतेक वेळा तो काठीच्या बुडाशी असतो. तिथं स्टडला, म्हणजे काठी ज्यावर फिरवून बसते त्या खुंटीला, ब्रॅकेटपासून वेगळं ठेवणारा नायलॉनचा छोटा वॉशर असतो, मेदूवड्यासारखा मध्ये भोक असलेला. तो तडकतो, किंवा कुणीतरी तो उलट्या बाजूला घालतं. तो काढून उन्हात धरून बघ, केसाएवढी चीर असली तरी बदल. मग मधली पिन ते स्टड बघ, इथं बीप व्हायलाच हवी. शेवटी ब्रॅकेट ते चेसिसचा उघडा बोल्ट. इथंही बीप हवी, आणि आकडा शून्याजवळ. नसेल तर रंग खरवड आणि एक जाड विणलेली पट्टी ब्रॅकेटपासून चेसिसपर्यंत टाक. माझी पैज याच जागेवर आहे.

पावसाचं सांगतो. केबलच्या टोकाजवळ बोटभर कातडं सोलून जाळी बघ. तांबं नव्या भांड्यासारखं लाल असेल तर ठीक. काळं पडलं असेल तर आत पाणी शिरलंय आणि ते वरच्या टोकापासून कितीही आत गेलेलं असू शकतं. जोड मारत बसू नकोस, अख्खी केबल बदल. तुझ्या फोटोत दोन्ही आरशांवर दोन काठ्या दिसतात. त्या जोडीची केबल वेगळी असते, मध्ये फाटा फुटलेली. तिथं साधी केबल जोडून चालत नाही. दोन काठ्यांत सात-आठ फुटांचं तरी अंतर हवं, नऊ असलं तर उत्तम. नसेल तर एकच चांगली काठी लाव. जोडी दिसायला छान दिसते हे खरं, पण ऐकणाऱ्याला ती दिसत नाही.

मग एसडब्ल्यूआरचा मीटर, म्हणजे बोलणं बाहेर न पडता किती परत सेटकडं येतं ते दाखवणारा. गाडी मोकळ्या पटांगणात उभी कर, भिंत आणि दुसरा ट्रेलर लांब, दारं बंद. पहिल्या चॅनलवर आकडा घे, मग विसाव्यावर, मग चाळिसाव्यावर. दीडच्या आत असेल तर देवाचे आभार मान. दोनपर्यंत चालतं. तीनच्या वर असेल तर माइकचं बटण दाबूच नकोस, आतला ट्रान्झिस्टर जाईल. आकडा एकवर जास्त आणि चाळीसवर कमी असेल तर काठी आखूड पडतेय, थोडी लांब कर. उलटं असेल तर लांब आहे. तिन्हीकडं जास्त असेल तर काठीला हात लावू नकोस, परत अर्थकडं जा. आणि एरियल न जोडता चुकूनही बटण दाबू नकोस.

शिट्टी मात्र अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोची आहे, रेसबरोबर चढते त्यावरूनच कळतं. सेट चालू ठेवून मागची एरियल काढ. शिट्टी राहिली तर ती पॉवरच्या वायरीतून येतेय. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सेट चालवतोस ना? तिथंच घाण आहे. लाल आणि काळी, दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत ने आणि बॅटरीजवळच फ्यूज घाल. एरियल काढल्यावर शिट्टी गेली तर ती हवेतून येतेय. मग एक एक करून मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, ते नवे एलईडी दिवे बंद करत जा. स्वस्तातला चार्जर मोठा बडबड्या असतो.

आणि दुपारी जे दूरदूरचे आवाज एकमेकांवर चढतात म्हणालास, तो सेटचा दोष नव्हे. सूर्य जोरात असला की या लाटा वरच्या हवेवरून आपटून हजार मैलांवर उतरतात. सूर्याचा हा जोर अकरा वर्षांच्या फेऱ्यात वरखाली होतो. रात्री मिडियम वेव्हवर आपल्याला कुठली कुठली स्टेशनं लागायची, त्याचाच हा दिवसाचा भाऊ समज.

एवढं सगळं करून पुढच्यानं तुला ‘आवाज दबका येतोय’ म्हटलं, तरच पेटीचा संशय घे. तेव्हाही आधी दुसऱ्या कुणाचा माइक लावून बघ. गुंडाळीची वायर माइकच्या मानेजवळ आतून तुटते, वरून धड दिसते. बोलताना ती मान वाकवून बघ, आवाज येत-जात असेल तर तीच. त्यानंतर आतले कंडेन्सर. वीस-पंचवीस वर्षं डॅशबोर्डच्या उन्हात राहिल्यावर ते सुकतात. माझ्या टेबलावर असता तर एका संध्याकाळीत बदलून दिले असते.

यानंतरही नवा घ्यायचाच झाला तर खुशाल घे, पण बघून घे. तुमच्याकडं १९७७ पासून चाळीस चॅनल आहेत, त्यात काही बदल नाही. २०२१ मध्ये तुमच्या सरकारनं सीबीवर एफएमलाही परवानगी दिली. एएम आणि एफएम दोन्ही असलेला घे. पण एफएमवरचं बोलणं तुझ्यासारख्या जुन्या एएम सेटवाल्यांना नीट कळणार नाही, म्हणून ट्रकवाले बोलतात त्या १९ नंबरच्या चॅनलवर एएमच ठेव. कुणी ‘पॉवर वाढवून देतो’ म्हटलं तर नको म्हण. कायदा चार वॅटचा आहे, आणि चांगल्या अर्थवरचे चार वॅट वाईट अर्थवरच्या चाळीसला भारी पडतात. जुना सेट टाकू नकोस. येताना घेऊन ये. फक्त इथं आल्या आल्या भावाच्या ट्रकला जोडू नकोस. तुमच्या गाडीत बारा व्होल्ट, आपल्याकडं चोवीस. दोनातल्या एका बॅटरीवरूनही घ्यायचं नाही, ती एकटी उतरते आणि जोडी नासते. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर माझ्याकडं आहे.

तुला वाटेल, एवढं कशाला लिहितोय हा. जानेवारीत वायोमिंगला बर्फात रस्ता बंद झाला आणि तुझा फोन दोन दिवस लागला नाही, तेव्हा मी रोज रात्री काकींकडं जाऊन बसत होतो. त्या झोपत नव्हत्या. ‘टॉवर नाही तिथं, काकी,’ एवढंच मी सांगू शकत होतो. नंतर तू सांगितलंस की पुढच्या गाडीवाल्यानं सीबीवर सांगितलं, पुढं ट्रेलर आडवे पडलेत, इथंच थांब. तेव्हा तुला ऐकू आलं. पण उद्या मागून येणाऱ्याला तू सांगशील आणि तुझं अर्ध्या मैलापुढं जाणार नाही, हे मला सहन होत नाही. इथं चोर्ला घाटात दरड आली की असंच नेटवर्क जातं. समोरून येणारा ड्रायव्हर हात बाहेर काढून पंजा हलवतो, लाइट मारतो, तेवढंच. आपल्या गाड्यांत असा सेट असता तर किती बरं झालं असतं, असं दर पावसाळ्यात वाटतं.

बाकी इकडं सगळं ठीक. मृगानं हात दिला, सोयाबीनची टोकण चालू आहे. तुमच्या वाड्याचं कौल मागच्या बाजूनं उतरलं होतं, ते मी बसवून घेतलं. काकींचा गुडघा दुखतो, पण तुळशीला पाणी अजून स्वतःच घालतात. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तीन आकडे लिहून पाठव. एकचा, विसाचा, चाळिसाचा. आणि ब्रॅकेटच्या बोल्टचा जवळून काढलेला एक फोटो, रंग खरवडायच्या आधीचा.

तुझाच,
रेडिओवाला

ता. क. माइक काढून ठेवून नुसतं ऐकायला जाऊ नकोस. बऱ्याच सेटमध्ये स्पीकरचा रस्ता माइकच्या पिनेतूनच जातो, माइक काढला की सेट मेल्यासारखा गप्प होतो. तेवढ्यावरून घाबरून नवा घेशील, म्हणून लिहिलं.