केबलवाली ताई नोएडाला चालली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे केबलवर जे लोकल न्यूज चॅनेल लागतं त्याची रिपोर्टर दिल्लीच्या एका मोठ्या हिंदी चॅनेलात चालली, म्हणजे नोएडाला. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आलाय, मीही अंगठा दिला. पण खरं सांगू, पोटात गोळा आला.

मुंबईत पाऊस पडला की सगळी मोठी चॅनेलं कुठे उभी असतात? हिंदमाता, मिलन सबवे, सायनचं गांधी मार्केट. दरवर्षी तेच. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं तरी थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन कशाला येईल? ही पोरगी यायची. एकटीच, मोबाइल आणि ट्रायपॉड, बूमला, म्हणजे हातातल्या माइकला, दुधाची पिशवी बांधून रबरबँड लावलेला. कोपऱ्यावरच्या वाण्याने शटरच्या खांबावर दरवर्षीच्या पाण्याची रेघ मारून साल लिहिलंय, 26 जुलै 2005 ची रेघ (सांताक्रूझला 944 मिमी पडला होता त्या दिवसाची) तिच्या डोक्याच्याही वर, तर तिने त्या खांबाला टेकून उभं राहून पीटूसी केला (कॅमेऱ्याकडे बघून बोलतात ना, तो) आणि म्हणाली बघा, 31 मेपर्यंत नालेसफाई पूर्ण होणार होती. बस्स, एवढंच. आरडाओरडा नाही.

मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हता हो, जायचं कोणाकडे? पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार केली की तक्रारीचा नंबर मिळतो, काम होईलच असं नाही. ही तो नंबर कागदावर लिहून घेऊन थेट वॉर्ड ऑफिसात साहेबांचा बाइट (कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं) मागायला जायची, साहेब मीटिंगमध्ये असले तर बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसायची. आमच्या मागच्या गल्लीतलं मॅनहोलचं झाकण असंच बसलं, चौथ्या फेरीला. 2017 च्या ऑगस्टमधे बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. अमरापूरकर पावसाच्या पाण्यात उघड्या मॅनहोलमधे वाहून गेले तेव्हा सगळा देश झाकणांवर बोलत होता, नंतर परत आपलं आपण बघा.

तिचा राग नाही, मुळीच नाही. इथे पगार काय, तोही कधी दोन-दोन महिने लेट, आणि वर संध्याकाळी ज्वेलर्सच्या उद्घाटनाचं कव्हरेज पण तिनेच करायचं. जावंच तिने. फक्त तिकडे "मेरे को" चालणार नाही, "मुझे" म्हणावं लागेल, हे आम्ही तिला चिडवून झालंय.

माझं म्हणणं तिच्या चॅनेलला आणि, राग मानू नका, तुमच्या पेपरलाही आहे. तिच्या जागी कोण? चॅनेलवाल्यांना विचारलं तर म्हणाले लोकांनीच व्हिडिओ पाठवावेत, आम्ही चालवू. अहो व्हिडिओ आम्ही पाठवू, पण साहेबांच्या दारात बाकावर कोण बसणार? तुमच्याकडेही पूर्वी उपनगराचं पान रोज यायचं, आता आठवड्यातून एकदा आणि त्यातही अर्धी बिल्डरची जाहिरात. आमच्या भागाला एक माणूस द्या, तोही फिरणारा.

परवा तेच झाकण परत हललेलं दिसलं. सवयीने तिलाच फोन लावला, माझ्याकडे नाव "केबलवाली ताई" असंच सेव्ह आहे. ती पॅकिंग करत होती. म्हणाली, काका, 1916 ला करा आणि नंबर मला पाठवा, शनिवारपर्यंत आहे मी इथे.

नंबर पाठवलाय. आज गुरुवार.

आपला,
एक जुना वाचक, मुंबई