व्हिडिओ थांबवायचा कुठे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांतल्या, बारा आठवड्यांच्या मेकॅनिक्सला नाव नोंदवलंस, छान. नोंदणी फुकट असते, म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडतानाही कुणाला काही वाटत नाही.

गुण कसे देतात ते आधी बघ. बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटच्या सरासरीचे २५, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. ‘चार सोडल्या तरी चालतं’ म्हणून मुलं सुरुवातीच्याच सोडतात. पण संवेग कच्चा राहिला की कोनीय संवेग डोक्यावरून जातो. ती सवलत कॉलेजच्या परीक्षेच्या आठवड्यांसाठी ठेव.

लेक्चर दीडपट वेगाने पाहिलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि वही उघडली की हात चालत नाही. सर आकृती काढून समीकरणाकडे वळले की व्हिडिओ थांबव आणि बलं स्वतः दाखव. उतारावरच्या ठोकळ्याला साइन की कॉस, हा घोळ तिथेच होतो. कोन शून्य धरून बघ: सपाट जमिनीवर ठोकळा घसरत नाही, आणि शून्य कोनाला साइनच शून्य होतो, म्हणजे उताराच्या दिशेने साइनच. अर्ध्या तासाच्या लेक्चरला सव्वा तास लागला तर लागू दे.

दोलनांच्या गणितात कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, ते बघ. साइन २ म्हणजे ०.९१; डिग्रीवर ०.०३५ येतं, आणि पर्यायांत बहुधा तेही दिलेलं असतं!

या कोर्सला प्रयोगशाळा नाही, ही त्याची खरी उणीव. निदान लंबक तरी कर. दोऱ्याला जड नट बांध. टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत १ मीटर. गाठीपर्यंतच मोजलंस आणि १ सेंटिमीटर राहिला, तर लांबी आणि वेळेवरून काढलेलं गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी, ९.८ ऐवजी ९.७ येईल. झोका दहा अंशांच्या आत ठेव. एका दोलनाला, म्हणजे जाऊन परत येण्याला, दोन सेकंद लागतात, त्यात बोटाची ०.२ सेकंदांची चूक म्हणजे दहा टक्के. वीस दोलनं मोजलीस की अर्धा टक्का. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हण. ‘एक’ म्हटलंस तर एकोणीसच दोलनं होतात आणि जी १०.८ च्या पुढे जातो. असा आकडा आला की सूत्रावर शंका घेण्याआधी मोजणी तपास.

मोजायला शिंप्याचा टेप चालेल, पण ताणू नकोस.

तुझी,
आई