ताई, आमच्या बोक्याची शू मोजल्याबद्दल थँक्यू

प्रिय ताई,

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणून झालंय, मेसेजवर म्हणून झालंय, पण ते सगळं गडबडीतलं होतं, बोका दवाखान्यात, आम्ही दोघं एअरपोर्टवर, आणि जे म्हणायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून आता निवांत बसून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आमच्या ओळखीत अजूनही बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही गावाला गेलो की घरी राहून आमची जनावरं सांभाळणारी पेट सिटर म्हणजे काय, तर दोन वेळा वाटीत खाणं टाकायचं, कुत्र्याला फिरवून आणायचं आणि बदल्यात फुकट घरात राहायचं. नाव लिहीत नाही तुमचं, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये मला.

तुम्ही पहिल्यांदा घर बघायला आलात ना, तेव्हा नवरा तुमच्या पाठीमागून मला खुणा करत होता, की अगं ही बाई किती प्रश्न विचारते! पाण्याचा मेन कॉक कुठेय, कुठल्या दाराच्या फटीतून बोका सटकतो, घाबरला की कुठे जाऊन बसतो, बोक्याला न्यायची पेटी, ते कॅरिअर, माळ्यावर आहे की हाताशी, रात्री उघडा असणारा व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, कोण, आणि आम्ही दोघंही फोनवर सापडलो नाही तर कुठवरच्या उपचाराला तुम्ही हो म्हणायचं. ते शेवटचं तर तुम्ही कागदावर लिहून घेतलंत, खर्चाच्या आकड्यासकट, खाली आमच्या सह्या. कातडीखाली ओळखीसाठी बसवतात त्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबरसुद्धा फाइलमध्ये लावायला लावलात.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यावर आम्ही नंतर दोन दिवस हसत होतो. "लिटरमध्ये रोज साधारण किती गोळे निघतात? आणि केवढे?"

आता ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांच्यासाठी सांगते, हे जे गोळे बनणारं लिटर असतं त्यात मांजर शू करून गेलं की तेवढ्याच जागेची रेती घट्ट होऊन गोळा होतो, म्हणजे गोळे मोजले की किती वेळा गेलं ते कळतं आणि आकार बघितला की किती झाली तेही. आम्ही इतकी वर्षं ते उचलून टाकतोय पण मोजायचं काही असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. मी आपलं अंदाजाने सांगितलं, तीन, कधी चार, लिंबाएवढे. तुम्ही लिहून घेतलंत. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

आधी आमच्या म्हाताऱ्याबद्दल बोलू दे, नाहीतर बोक्याच्या नाट्यात त्याचं राहून जाईल. तो कुत्रा आमचा, तुम्हाला माहितीच आहे, फिट्सच्या गोळ्यांवर आहे, फिनोबार्बिटल, बारा-बारा तासांनी, आणि ही गोळी अशी आहे की मधेच अचानक बंद झाली तर फिट परत येऊ शकते, तीही जोरात. आणि हा महाभाग गोळी गालात धरून ठेवतो, खाणं गिळतो, आणि मग सोफ्याच्या मागे जाऊन हळूच थुंकतो. आम्ही हे फाइलमध्ये लिहिलं होतं पण लिहिणं वेगळं आणि रोज त्याच्याकडे बघत उभं राहणं वेगळं. तुम्ही गोळी दिली की तो नाक चाटेपर्यंत थांबायचात (गिळलं की चाटतो, हे तुम्हीच मला सांगितलंत!) आणि मग लगेच पाणी पुढे करायचात. एकही चुकली नाही. ह्या एवढ्यासाठीच त्याला बोर्डिंगमध्ये ठेवायला माझं मन धजत नाही, तिथली माणसं वाईट असतात म्हणून नाही, पण वीस कुत्र्यांत एकाच्या गालात काय आहे ते कोण बघत बसणार, शिवाय एका छताखाली खूप कुत्री आली की तो केनेल कफचा खोकला एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि म्हाताऱ्या जिवाला तो झेपत नाही.

पहिल्या रात्री तो जेवला नाही, दारापाशी पडून राहिला, तर तुम्ही त्याला ना चुचकारलंत ना हाताने भरवत बसलात, तुम्ही आपली चादर आणून तिथेच जमिनीवर पुस्तक वाचत बसलात. आम्हाला मेसेज केलात, "आज जेवला नाही, चालतं, उद्या जेवेल. मांजराने असं केलं असतं तर मी इतकी निवांत नसते." तेव्हा मला हे नीट कळलं की धडधाकट मोठा कुत्रा एखादं जेवण सोडतो, त्याचं फार मनावर घ्यायचं नसतं, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही ते जाडजूड असलं, तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि ते लिव्हरच बसू शकतं. आमचा बोका जाडजूडच आहे.

फुलांचं पण सांगायलाच हवं. कोणीतरी प्रेमाने आमच्या घरी बुके पाठवला, आम्ही नाही हे त्यांना माहीत नव्हतं. तुमचा मेसेज, "फुलं आली आहेत, छान आहेत, घरात घेतली नाहीत, त्यात लिली आहे." मी गूगल करायच्या आधी तुम्हीच खाली लिहिलंत की लिलीची पानं-फुलं सोडाच, नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते, आणि फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. बुके पाठवणाऱ्यांना मी हे कळवलं नाही. हे वाचतील तर आता कळेल, रागावू नका हं!

आणि मग ती रात्र.

मेसेज मी अजून जपून ठेवलाय, जसाच्या तसा देते. "दुपारपासून एकच गोळा, सुपारीएवढा. पाच-सहा वेळा जाऊन बसला, काही नाही. आता ओरडला बसल्यावर. बद्धकोष्ठ असेल असं मी धरून चालणार नाही. व्हेटला फोन केलाय, निघतेय. तुम्ही फोन उचला, नाही उचललात तरी निघतेय."

आम्ही नाही उचलला, आमच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि फोन सायलेंटवर. तुम्ही निघालात. फाइलमधला तो सह्या केलेला कागद, बोका कॅरिअरमध्ये, आणि म्हाताऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून तोही गाडीत मागे, त्याची रात्रीची गोळी तुमच्या खिशात, कारण तिची वेळ दवाखान्यातच होणार होती. गोळी त्याला वेटिंग रूममध्ये वेळेवर मिळाली. ताई, हे जेव्हा मला कळलं ना, बोक्याचं ऐकून मी रडले नव्हते, त्या खिशातल्या गोळीचं ऐकून रडले.

बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, लघवीत खडे किंवा स्फटिक आणि चिकट स्राव झाला की त्याचा बूच बसतो, आणि एकदा पूर्ण बंद झालं की मूत्राशय फुगत जातं, जे बाहेर पडायला हवं ते रक्तात साठतं, पोटॅशियम वाढतं आणि त्याचा मार थेट हृदयावर. एक-दोन दिवसांत मांजर जाऊ शकतं. आणि बाहेरून दिसतं काय, तर मांजर लिटर बॉक्समध्ये बसून कुंथतंय. बघणाऱ्याला वाटतं शी होत नाहीये बिचाऱ्याला, बघू सकाळी. डॉक्टरांनी भूल देऊन लघवी काढायची नळी, कॅथेटर, घातला, सलाईन लावलं, ठेवून घेतलं, आणि सकाळी आम्हाला फोनवर म्हणाले की वेळेत आणलंय. दोनच शब्द, पण त्या वेळेत म्हणजे काय ते आम्हाला माहितीये. ते म्हणजे तुम्ही लिहून घेतलेले तीन-चार लिंबाएवढे गोळे. ते माहीत नसते तर एक सुपारी बघून कोणाला काय कळणार होतं? एक गोळा आहे ना, म्हणजे झाली की शू!

आमच्यासारख्या घर सोडून जाणाऱ्यांची गंमत अशी असते की आम्हाला गोड फोटो हवे असतात. कुत्रा उन्हात लोळतोय, मांजर खिडकीत बसलंय, खाली एक हार्ट, की आम्ही खूश, फिरायला मोकळे. बऱ्याच सिटर तेच पाठवतात, त्यांचाही दोष नाही, आम्हाला तेच हवं असतं. तुम्ही रोज एक गोड फोटो पाठवलात आणि त्याच्या शेजारी एक असा की कुणाला दाखवता येणार नाही. माझ्या फोनमध्ये समुद्राचा फोटो, सूर्यास्ताचा फोटो, मग लिटरच्या गोळ्याचा फोटो, शेजारी चमचा, साइझ कळावी म्हणून, आणि मग पुन्हा समुद्र. परवा सासूबाईंना ट्रिपचे फोटो दाखवत होते, काय सांगू तुम्हाला!

आणखी एक. डॉक्टरांनी सांगितलं की पाणी कमी पिणं, वजन, आणि ताण, ह्या सगळ्याचा हात असतो, ताणाचाही, म्हणजे घरातली माणसं अचानक गायब होणं हेही त्यात आलं. मांजर माणसांना जितकं, तितकंच जागेलाही धरून असतं म्हणून तर आम्ही त्याला घरातच ठेवलं होतं, तरी एवढं झालंच. तुम्ही ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, आमच्याही आधी. आणि आम्हाला सांगताना पाणी आणि वजन सांगितलंत, ताणाचं म्हणालात "ते डॉक्टर समजावतील नीट", बाकी सगळं सरळ तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही. आम्ही एअरपोर्टवर बसलेलो असताना ते ऐकून काही उपयोग नव्हता हे तुम्हाला कळत होतं.

पैशांचं मात्र भांडण आहेच आपलं. रात्रभर दवाखान्यात बसलात त्याचे घेणार नाही म्हणता, "राहतेच ना तुमच्या घरी". नाही ताई, हे मला पटत नाही आणि मी इथे सगळ्यांसमोर म्हणते की पटत नाही. राहायला घर मिळतं म्हणून रात्र जागायची हा कुठला हिशोब? औषधं देणं, जनावर आजारी पडलं तर त्याला घेऊन धावणं, हे काम आहे, आणि ज्यांच्याकडे औषधावरचं जनावर आहे त्यांनी ते आधीच बोलून ठेवावं, नंतर सिटरच्या चांगुलपणावर सोडू नये. मी पैसे पाठवलेत. परत पाठवलेत तर मी परत पाठवेन, बघूया कोण दमतं.

बोका बरा आहे. ओलं खाणं सुरू आहे, कोरडं जवळपास बंद, पाण्याच्या वाट्या घरभर, आणि कारंज्याचं ते मशीन आणलंय ज्याच्यातून तो पितो कमी आणि पंजा जास्त मारतो. दुसरा लिटर बॉक्स वरच्या खोलीत ठेवलाय, तुम्ही म्हणाला होतात तसा. हे पुन्हा होऊ शकतं असं डॉक्टर म्हणालेत, बऱ्याच बोक्यांना होतं, त्यामुळे आता फ्रिजवर कागद लावलाय, तारीख, गोळे, साइझ, आणि नवरा, जो तुमच्यामागे उभा राहून खुणा करत होता तोच, रोज सकाळी चष्मा लावून मोजतो आणि मला ओरडून सांगतो, "तीन! मोठे!" म्हातारा तुमची चादर अजून सोडत नाही, धुवायला काढली की मशीनसमोर जाऊन बसतो, तेव्हा ती आता त्याचीच समजा, तुम्हाला नवीन घेऊन देते.

पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नाला जायचंय, आठवडाभर तरी. तुम्ही कुठल्या दुसऱ्या घरी बुक आहात ते बघून तारखा कळवा, तिकिटं आम्ही त्यानंतर काढतो.

तुमची,
बोक्याची आणि म्हाताऱ्याची आई